तोंडातलं लोखंड काढल्यावर: दोंडाईच्याजवळच्या एका घोडीचं प्रकरण

घोडी सात वर्षांची. मारवाडी-काठेवाडी मिश्र, रंगाने कुमैत म्हणजे तांबूस, उंची ५८ इंच, कपाळावर पांढरी चांदणी आणि त्यावरूनच नाव चांदणी. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो, तिथून नानांनी ती घेतली. विकणाऱ्याने तिचे दोन गुण सांगितले होते: रवाल, म्हणजे स्वाराला न हिंदकळवणारी झपझप चाल आहे आणि लग्नात नाचते. दोन्ही खरे निघाले. काटेरी लगामाशिवाय तिला कुणी कधी चालवलेलं नाही, हे मात्र त्याने सांगितलं नाही, आणि नानांनीही विचारलं नाही.

नानांची शेती दोंडाईचा-सारंगखेडा रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे. कापूस, दादर ज्वारी, थोडी मिरची. मुलगा अकरावीत. घोडी घेतली ती त्याच्या हौसेसाठी, आणि लग्नसराईत दोन पैसे मिळतील या हिशेबानेही. मी धुळ्याकडे घोडे शिकवण्याचं काम करतो. यात्रा उठून तीन आठवडे झाले असतील, तेव्हा नानांचा फोन आला.

“भाऊ, घोडी चांगली शे, पन थांबस नही.”

मी गेलो तेव्हा सकाळची चंदी, म्हणजे दाणा खाणं, चालू होती. खोगीर, स्वार या गोष्टी नंतर. आधी मी तिला खाताना अर्धा तास नुसतं पाहिलं. भिजवलेला हरभरा ती एका बाजूने चावत होती. कडब्याचे अर्धवट चावलेले ओले बोळे गव्हाणीखाली पडले होते. घोडा असा चारा टाकतो तेव्हा तोंडात दुखतंय असं धरून चालावं. पोराने लगाम हातात घेतला तशी तिने मान वर केली आणि दात घट्ट मिटले. दोघांनी मिळून लगाम चढवला. पोरगा वर बसला, घोडी दहा पावलं चालली आणि तोंड उघडलं. जीभ कडीच्या, म्हणजे लगामाच्या तोंडातल्या लोखंडाच्या, वर घेतली. पोराने दोन्ही वाद्या ओढल्या तसं डोकं आकाशाकडे गेलं, पाठ खोल झाली आणि ती सुटली. कुंपणापाशी कशीबशी फिरवून थांबवली, तेव्हा ओठांवरच्या फेसात गुलाबी रेघ होती.

लगाम काढून हातात घेतला. मधल्या दांडीवर दातेरी फिरक्या, आणि दोन्ही टोकांच्या चकत्यांवर आतल्या बाजूने खिळ्यांसारखे काटे. वाद्या ओढल्या की ते काटे सरळ ओठांच्या कोपऱ्यांत रुततात. मी नानांना सांगितलं की हे वापरायला कायद्यानेच बंदी आहे. भारवाहू आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांतला ८वा नियम काटेरी लगामाचं नाव घेऊनच मनाई करतो, आणि तो स्वारीलाही लागू आहे. नानांना हे माहीत नव्हतं. ज्याने घोडी विकली त्याने लगामही सोबत दिला, म्हणून तो चांगलाच असणार, असं ते धरून चालले होते. शेजारचे आप्पा मात्र ठाम होते: “काटा काढी टाकात तं ती पोरगाले लिसनी पळी जाई.”

आप्पांची भीती मी हसण्यावारी नेली नाही. काटा लावूनही ती पोराला घेऊन पळतच होती, एवढंच त्यांना दाखवलं.

तोंडात काय निघालं

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टर आल्या. तोंड उघडं ठेवायची चौकट लावून, बॅटरीच्या उजेडात त्यांनी पाहिलं. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे हिरड्यांची मोकळी जागा असते, लगामाची कडी तिथे बसते. तिथल्या हाडावर हिरडीचा पातळ थर असतो, मांसाची गादी नाही. आपल्या नडगीवर हात दाबून पाहिला तर साधारण कल्पना येते. चांदणीच्या त्या जागेवर डाव्या बाजूला उघडी जखम होती, उजव्या बाजूला जुनी, भरलेली, पण बोट लावलं की घोडी दचकायची. ओठांचे कोपरे चिरून पुन्हा जुळलेले, त्यामुळे कातडी जाड झालेली. वरच्या उजव्या पहिल्या दाढेच्या पुढे एक बारीक दात होता, ज्याला डॉक्टर वुल्फ टूथ म्हणतात, आणि कडी नेमकी त्यावर आपटत होती. दाढांच्या बाहेरच्या कडा वाढून गालाला लागत होत्या.

डॉक्टरांनी गुंगीचं औषध देऊन तो दात काढला आणि दाढांच्या कडा कानशीने घासल्या. दुखण्यावरची औषधं आणि मिठाच्या पाण्याने तोंड धुणं सांगितलं. सहा आठवडे तोंडात लोखंड घालायचं नाही, साधंसुद्धा नाही.

सहा आठवडे घोडी नुसती बांधून ठेवा, असं मी म्हणू शकलो असतो. ते सोपं होतं. पण सहा आठवड्यांनी तोंड बरं झालेलं असतं आणि बाकी सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं: तोच पोरगा, तीच ओढ, तीच घोडी. कुणीतरी पुन्हा म्हणालं असतं की काट्याशिवाय ती आवरत नाही, आणि खुंटीवरचा लगाम खाली आला असता. म्हणून मी नानांना विचारलं की पहिले दहा दिवस पूर्ण विश्रांती देऊन, उरलेल्या दिवसांत तिला बिनकडीची स्वारी शिकवू का? नाना आईकडे बघत राहिले. आजी ओट्यावर बसून दादर पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, “तिना तोंडमा जखम शे, आनि तुम्ही तिले वढतस.” त्यावर घरात पुढे काही बोलणं झालं नाही.

नाकपट्टा

बिनकडीचा म्हणजे आपोआप सौम्य, हा समज चुकीचा आहे. नाकावर दाब देणाऱ्या साधनांतही त्रास देणारी साधनं आहेत. लांब दांड्यांचा हॅकमोर, म्हणजे बिनकडीच्या लगामाचा एक प्रकार, तरफेसारखा चालतो. हातातली थोडी ओढ नाकावर आणि हनुवटीखाली कितीतरी वाढून पोचते, आणि कच्च्या हातात ते हत्यारच आहे. जबड्याखालून वाद्या आडव्या नेणारा प्रकारही मला पहिल्या शिकवणीसाठी आवडत नाही, कारण हात सैल केला तरी पट्टे घासून अडकतात आणि दाब लगेच सुटत नाही. घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणी. तो क्षणच पुसट झाला तर शिकवणी कशी होणार?

आम्ही सगळ्यात साधं केलं. गावातल्या चामड्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून सव्वा इंच रुंद पट्टा शिवून घेतला. आतून नमदा, म्हणजे लोकरीचा जाड मऊ थर, गालांच्या दोन्ही बाजूंना एकेक रिंग, त्या रिंगांना वाद्या. हनुवटीखाली मऊ पट्टा, त्यात दोन बोटं सहज जातील एवढा सैल. म्होरकीला बारीक दोराची नाकाडी असते तशी इथे नको होती, कारण दोर जितका बारीक तितका एका रेघेवरचा दाब जास्त.

पट्टा नाकावर कुठे बसतो यावर सगळं आहे. घोड्याच्या नाकाचं हाड खाली जाताना पातळ होत जातं आणि नाकपुड्यांच्या वर संपतं. पुढे नुसती कुर्ची आणि मऊ भाग. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, फक्त नाकाने घेतो. पट्टा खाली घसरला तर दुखतंही आणि दमही कोंडतो. गालाचं उंच हाड समोर जिथे संपतं त्याच्या दोन बोटं खाली, ही जागा मी धरतो.

ओढीचा अर्थ

अकराव्या दिवशी काम सुरू झालं, ते खळ्यात. नानांचं जुनं खळं साधारण पन्नास फूट लांब-रुंद, भोवती बांबूचं कुंपण, जमीन चोपलेली. वर कुणी बसायचं नाही. मी खांद्याशी उभा राहायचो, डाव्या वादीला बोटांनी हलका ताण द्यायचो आणि थांबायचो. नाक दोन बोटं जरी डावीकडे वळलं तरी ताण त्याच क्षणी सोडायचा, मानेवर हात फिरवायचा.

पहिल्या दिवशी तिने मान ताठ केली आणि तोंड उघडलं. तोंडात काहीच नव्हतं, तरी उघडलं. ते पाहून मला फार वाईट वाटलं. जवळपास चाळीस सेकंद ती तशीच होती. मग एक कान माझ्याकडे आला, जबडा सैल झाला, नाक वळलं. मी सोडलं. तिने लांब श्वास टाकला आणि ओठ चाटले. चौथ्या दिवशी ताण येण्याआधी, वादी उचलतानाच ती वळू लागली. मान वळल्यावर मागचे पाय आडवे टाकणं, एक पाय दुसऱ्यासमोरून, हेही शिकवलं. मागचा भाग असा बाजूला गेला की पुढे ढकलणारा जोर तुटतो. थांबण्याची खरी किल्ली तिथे आहे.

दोन्ही वाद्यांना एकदम ताण दिला तेव्हा मात्र वेगळंच घडलं. ती थांबली नाही, पळालीही नाही. तिने मान कमानीसारखी केली, पुढचे पाय आळीपाळीने छातीपर्यंत उचलू लागली आणि जागच्या जागी टापा आपटल्या. मी आणखी थोडा ताण दिला, तर पुढून अर्धी उभी राहिली. पोरगा ओरडला, “काका, ती नाचतेय!”

नाचतच होती. लग्नातल्या घोड्याला बहुधा असंच शिकवतात. वाद्यांचा झटका आणि पायांना काठीचा स्पर्श, पाय उचलेपर्यंत. चांदणीच्या डोक्यात दोन्ही वाद्यांच्या ओढीचा अर्थ ‘थांब’ असा कधी नव्हताच. ‘जोर कर, पण पुढे जाऊ नकोस’ असा होता. पोरगा शेतात घाबरून दोन्ही हातांनी ओढायचा, म्हणजे तिच्या भाषेत नाच म्हणायचा. त्यात तोंडात काटे रुतायचे. नाचावं तर दुखतं, थांबणं शिकवलेलंच नाही, मग उरलं काय? पळणं.

तीन आठवडे घरातले सगळे तिला अडेल म्हणत होते. ती सांगितलेलं ऐकत होती. सांगणाऱ्याला आपण काय सांगतोय ते माहीत नव्हतं. हे मी नानांना खळ्यात उभं राहून समजावलं, तेव्हा ते बराच वेळ तिच्या मानेवर हात ठेवून उभे होते.

यापुढची सगळी आखणी बदलली. दोन्ही वाद्यांची ओढ कायमची बंद, कारण तो शब्द तिच्यासाठी आधीच घेतलेला होता. थांबण्यासाठी नवे इशारे, ठरलेल्या क्रमाने: आधी स्वाराने श्वास सोडून बैठक जड करायची, मग लांबवलेलं “हौऽ”, आणि तरीही थांबली नाही तर एक वादी उचलून वळवायचं. जमिनीवर माझं थांबणं हाच पहिला इशारा. मी पाय रोवले, “हौऽ” म्हटलं, ती पुढे गेली तर एका वादीने अर्धं वर्तुळ. पाच दिवसांत ती आवाजावर थांबायला लागली. आवाज शिकवायला सर्वांत सोपा, आणि लोक तो सर्वांत शेवटी वापरतात.

पोराचे हात

एकोणिसाव्या दिवशी पोरगा वर बसला. सोबत माझ्या हातात वेगळी बागडोर, म्हणजे धरून चालवायची लांब दोरी, नाकपट्ट्याच्या खाली बांधलेल्या म्होरकीला. त्याच्या वाद्या मी रिंगांना सरळ जोडल्या नाहीत, शिवणाच्या दुहेरी दोऱ्याने बांधल्या. जास्त ओढलं की दोरा तुटणार. हे बंद खळ्यात, बागडोर दुसऱ्या माणसाच्या हातात असतानाच करायचं, बाहेर चुकूनही नाही.

पहिल्या दिवशी वीस मिनिटांत अकरा वेळा दोरा तुटला. पोरगा रडकुंडीला आला. त्याला वाटत होतं आपण ओढतच नाही. खरं तर तोल गेला की तो वाद्यांना लोंबकळायचा, आणि आजवर त्याचा तो तोल घोडीच्या हिरडीने सांभाळला होता. मग दोन दिवस वाद्या मानेवर गाठ मारून ठेवल्या. त्याने नुसतं बसायचं, हात मांड्यांवर, आणि मी बागडोरीने फिरवायचं. पावलावर, मग दुडकीवर. पाचव्या दिवशी दोरा दोनदा तुटला, आठव्या दिवशी एकदाही नाही.

माझी चूक

सव्विसाव्या दिवशी चांदणी पुन्हा डोकं झटकू लागली. वर, खाली, पुन्हा वर. पोरगा घाबरला, आप्पा कुंपणाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं जुनी सवय उसळली असेल, आणि मी आणखी दहा मिनिटं काम चालू ठेवलं. ती दहा मिनिटं मी द्यायला नको होती.

पट्टा काढला तर नाकावरचे केस घासून गेले होते, दोन बोटांएवढी जागा लालसर. पट्टा मी रोज सकाळी ती मान वर करून उभी असताना बसवायचो. आता ती मान खाली, पुढे सोडून चालायला लागली होती, म्हणजे जे आम्हाला हवं होतं तेच. पण मान खाली गेली की गालपट्टे सैल पडायचे आणि नाकपट्टा हाडाच्या पातळ टोकावर उतरायचा. घोडी सुधारली आणि माझं माप जुनंच राहिलं.

चार दिवस सुट्टी दिली. गालपट्टे एक भोक वर घेतले, डोळ्याकडे सरकू नयेत म्हणून गळपट्टा जोडला, नमदा बदलला. तेव्हापासून नियम केला: पट्टा बसवल्यावर मूठभर लसूणघास जमिनीवर ठेवायचा, ती खाली मान घालून खात असताना पट्ट्याची जागा पुन्हा बघायची. आणि काढल्यावर रोज त्या जागेवर बोटं फिरवायची.

खळ्याबाहेर

पाचव्या आठवड्यात शेतरस्ता. आधी हातात धरून, मग स्वारीने. आडवी आलेली मोटारसायकल, ठिबकचा फुगलेला पाइप, कापसाच्या गाठोड्यांची ट्रॉली, या सगळ्यांत ती दचकली, पण “हौऽ”वर थांबली. एकदा वाटेत ठेलाऱ्यांचा, म्हणजे भटक्या मेंढपाळांचा, वाडा उतरत होता. त्यांच्या घोड्यांच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड लादलेलं आणि तोंडात काही नाही, साधी दोराची म्होरकी. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, “हे तर आपण रोजच बघत होतो.” म्होरकीने ओढून नेणं आणि भरधाव घोडा थांबवणं यांत फरक आहे, ते मी त्यांना सांगितलं. पण त्यांच्या मनातली गाठ त्या दिवशी सुटली.

वेगात एक वादी झटक्याने ओढली तर घोडा पायात पाय अडकून पडू शकतो, हे पोराकडून मी रोज वदवून घेत होतो. पावलावर आणि दुडकीवर लहान वर्तुळ चालतं. त्याहून वेगात आधी मोठं वर्तुळ, मग हळूहळू आत.

खरी परीक्षा ठरवून आली नाही. माघातली लग्नाची तिथ होती, शेजारच्या गावातून बँडचा आवाज आला. चांदणीचे कान ताठले, मान कमानदार झाली आणि तिने बांधावरच टापा आपटायला सुरुवात केली. पोराचे दोन्ही हात मागे जाताना मला लांबून दिसले. मग ते थांबले. त्याने उजवी वादी सोडून दिली, डावी उचलली, घोडीला दोन वर्तुळं फिरवलं. ती थांबली, पण अंग थरथरत होतं. तो उतरला आणि तिला हातात धरून घरी घेऊन आला. उतरणं हा पर्याय मी त्याला शिकवला नव्हता, त्याचा त्यानेच घेतला, आणि तोच बरोबर होता.

आजची स्थिती

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी तोंड पाहिलं. जखम भरली, चारा टाकणं बंद, दोन्ही बाजूंनी चावते. त्या म्हणाल्या, गुळगुळीत, बिनकाट्याची कडी आता चालेल. ती वापरायची की नाही हा निर्णय मी नानांवर सोडला. साधी कडी हलक्या हातात असेल तर मी तिला क्रूर म्हणत नाही. घरात मात्र एकमत झालं की नाकपट्ट्यावर चाललंय ते चालू द्यावं. काटेरी लगाम नानांनी लोहाराकडे नेऊन तोडून आणला.

वरातीच्या दोन सुपाऱ्या नानांनी परत केल्या. त्या पैशांवर त्यांचा हिशेब होता, त्यामुळे हे सोपं नव्हतं. बँड, डीजे, फटाके आणि गर्दीत नवरदेव पाठीवर घेऊन ती नाकपट्ट्यावर थांबेल याची खात्री मी देऊ शकत नव्हतो, आणि दिलीही नाही.

आज ती शेतरस्त्यावर आणि तापीकाठापर्यंत नाकपट्ट्यावर जाते. दोंडाईच्याच्या मोठ्या रस्त्यावर पोरगा उतरून तिला हातात धरून नेतो. दुसरा घोडा सोबत असला आणि वेग वाढला तर ती अजून पहिल्या वर्तुळात थांबत नाही, तीन वर्तुळं लागतात. म्हणून दुसऱ्या घोड्याबरोबर दौड सध्या बंद आहे. पुढच्या महिन्यात माझी म्हातारी, शांत घोडी घेऊन मी तिथे जाणार आहे, आणि दोघींना खळ्यात शेजारी शेजारी नुसतं चालवण्यापासून सुरुवात करणार आहे.